खाटा दोन, रिकामी एक

बेघरांना निवाऱ्यातली रिकामी खाट शोधून देणारं अ‍ॅप ती बनवत होती. चाचणीपुरता तिने आपल्याच घराचा पत्ता टाकला होता. खाटा दोन, आईची आणि तिची. रिकामी एकही नाही.

काम झाल्यावर तिने ती नोंद पुसली. नोंद परत आली. तीनदा पुसली, तीनदा आली.

भर दुपारी आकडा बदलला. रिकामी एक.

 तिने घाईघाईने आईला फोन लावून विचारलं, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "तू पाठवलेला माणूस आलाय. दमलाय बिचारा. तुझ्या खाटेवरची चादर बदलून दिली."

"आई, त्याला बाहेर काढ. मी निघालेच."

 आई अदबीने म्हणाली, "आपण कोण बोलताय?"