छातीकडं जाणारा हात
दिवाळी लातूरला की नांदेडला जावयाकडं, हे घरच्या पोकर स्पर्धेत ठरणार होतं. लातूरच्या अमृतरावांनी हलक्या पत्त्यांवर मूठभर चिंचोके लावले की जावई सोमेश ती थाप हटकून ओळखायचा. चहाच्या वेळी सासूबाई गुरम्मांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "थाप मारताना तुमचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं जातो. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना रोज बघते की!" शेवटच्या डावात अमृतरावांना तीन बादशहा आले. त्यांनी सावकाश इष्टलिंगावर हात ठेवला, सगळे चिंचोके पुढं सारले. "जावईबापू, पत्ते लई भारी हायत. सोडा." सोमेश हसला. "मामा, पुन्हा थाप?" त्यानंही सगळे लावले, आणि दिवाळी लातूरला आली. "लिंगाला हात लावून फसवलं व्हय?" गुरम्मा कुजबुजल्या. "फसवलं कुठं? खरंच बोललो की!" "मग दुकानातबी खरंच बोलत जावा." "बोलतो की," अमृतराव म्हणाले, आणि हात आपसूक इष्टलिंगाकडं गेला.