बंद ठेवण्याची मुदत

"मुलाखत किती वर्षं बंद ठेवायची?" जुन्या बायकांच्या आठवणी जमवणाऱ्या संस्थेच्या मुलाखतवालीने फॉर्म पुढे सरकवला. "तुम्ही सांगाल तितकी वर्षं हे रेकॉर्डिंग कोणालाही ऐकू देत नाही आम्ही. दहा, वीस, पन्नास."

धाकट्या जावेने चष्मा चढवला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पन्नास हा आकडा तिला फारच उदार वाटला.

"थोरली जाईपर्यंत," ती म्हणाली.

"आकडा लागतो, आजी."

"आकडा कुठून आणू? त्र्याऐंशीची आहे, रोज जिना चढून गच्चीवर जाते. तिची आई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली, तीसुद्धा पाय घसरून."

थोरली बाहेर गॅलरीत शब्दकोडं सोडवत बसली होती. मुलाखत एकेकटीची घ्यायची, असा संस्थेचा नियम. घरातल्या दोघी एकत्र बसल्या की एक बोलते आणि दुसरी दुरुस्त्या करते, हा संस्थेचा अनुभव. दार लावलेलं, समोर मान डोलावणारं माणूस. धाकटीची जीभ सैल सुटली आणि दुसऱ्या तासाला ती पत्राची गोष्ट सांगून बसली.

तेव्हा धाकटीच्या लग्नाला चार महिने झाले होते. घरात अकरा माणसं, त्यात हसणारं एकच, थोरली. दुपारी सगळे आडवे झाले की दोघी स्वयंपाकघरात चोरून चहा करायच्या. थोरली पळी कानाला लावून टेलिफोन ऑपरेटर व्हायची आणि सासऱ्यांचा फोन नेमका त्यांच्या सासुरवाडीला जोडून द्यायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून धाकटी तोंडात मूठ कोंबून हसायची. एकदा दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून थोरली खरंच टेलिफोन ऑफिसात जाऊन आवाजाची परीक्षा देऊन आली. नेमणुकीचं पत्र आलं, ते धाकटीच्या हातात पडलं. तिने ते दोनदा वाचलं आणि शेगडीत घातलं.

"ती कामावर गेली असती, तर दिवसभर मी कोणाशी हसले असते?" तिने रेकॉर्डरलाच विचारलं होतं. मुलाखतवालीच्या छापील प्रश्नावलीत प्रश्न चाळीस होते, हा नव्हता.

दोन महिने पोस्टमनची वाट बघून थोरलीने नाद सोडला. "माझा आवाजच घोगरा. नसेल पसंत पडला," म्हणाली. अजून म्हणते. चारचौघांत कोणी दोन शब्द बोला म्हटलं की हेच सांगून मागे सरते.

"हवं तर तेवढा भाग काढून टाकते," मुलाखतवाली हळूच म्हणाली.

धाकटीने फॉर्मवर पंधरा लिहिले. खोडले. वीस लिहिले. पेन तसंच धरून ती गॅलरीच्या दाराकडे बघत राहिली.

"म्हणजे ती गेल्यावर साऱ्या जगाला कळणार, की तिचा आवाज पसंत पडला होता," ती म्हणाली. "तिला सोडून."

"हो. असंच होईल."

"हे तुझं यंत्र मागे नेता येतं ना?"

"येतं."

"मग ने. ती चहाची दुपार आहे ना, तिथपासून लाव. तिला आत पाठवते. माझ्याच्याने दुसऱ्यांदा सांगवणार नाही."

थोरली आली ती पेन केसांत खोचूनच. "संपलं का हिचं पुराण? माझ्या नावाने किती खडे फोडलेस गं?"

"ताई, बस इथे. ऐक फक्त."

"मी आणि फक्त ऐकू?"

धाकटी स्वयंपाकघरात गेली. बेसिनमध्ये काही नव्हतं. तिने फळीवरचे धुतलेले कप खाली काढले, नळ पूर्ण सोडला आणि ते पुन्हा घासायला घेतले. एक झाला, दुसरा झाला. तिसरा हातात असताना बाहेरून थोरलीची हाक आली.

"अगं, नळ बंद कर आधी! तुझं एक अक्षर ऐकू येत नाहीये मला!"

दोन भिंती आणि पाण्याचा धो धो ओलांडून शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ आला. धाकटीने नळ बंद केला.