प्रोसेसर कोणता?

"पुन्हा तेच!" उर्वशी म्हणाली.

स्क्रीनवर मघाचीच ओळ आली होती. स्क्रिप्टच्या मते यंत्राचा प्रोसेसर इंटेल जातीचा होता, ऑफिसातल्या साध्या संगणकात असतो तसा.

"डब्यात एआरएम आहे म्हणाला होतात ना? मोबाइलमध्ये असतो तसा?"

"एआरएमच आहे," मंदार म्हणाला. खाणीचे सगळे संगणक तोच सांभाळायचा. "स्क्रिप्ट चुकत असेल."

राजूरजवळच्या त्या खाजगी कोळसा खाणीत उत्तरेची गॅलरी, म्हणजे जमिनीखालचा बोगदा, कित्येक महिने बंद होती. आज दुपारच्या पाळीला ती उघडायची होती. तिथल्या गॅस मोजणाऱ्या डब्याचा आकडा केबलवरून वर यायचा आणि ऑफिसच्या भिंतीवर हिरवा दिसायचा. गॅस वाढला की खाली भोंगा वाजवील, असा नवा प्रोग्राम उर्वशीला इथूनच, त्याच केबलवरून, डब्यात घालायचा होता. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा डब्यातला कंपायलर जुना, म्हणून आधी नवा कंपायलर बांधायचा. त्या बांधणीची पहिली पायरीच ही: आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत, ते स्क्रिप्ट स्वतः ओळखते. ती ओळख चुकली तर पुढचं सगळं फुकट, आणि भोंगाही मुका.

"हातानं लिहून द्या ना मॅडम, एआरएम म्हणून."

तिनं दिलं. बांधणी सुरू झाली. ओळी सरसर वर जाऊ लागल्या आणि मध्येच थांबल्या. कंपायलरनं एआरएमच्या आज्ञा तयार केल्या होत्या, आणि यंत्राला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

दारात खेमसिंग उभे होते. डोक्यावर दिवा, कमरेला गॅसचा हातमीटर. पाळी त्यांच्या हाताखाली उतरायची होती. बाहेर माणसं खोळंबली होती.

"काय झालं, बेटा? काहून थांबलं?"

"भोंग्याचं होऊन नाही राह्यलं, काका."

"भोंगा उद्या होईल," मंदार घाईनं म्हणाला. "आकडा हिरवा आहे. पाळी उतरू द्या."

उर्वशीनं भिंतीकडे पाहिलं. आकडा खरंच हिरवा होता. तरी तिचं मन मानेना. डबा बनवणाऱ्या कंपनीनं दुसऱ्याच मॉडेलचा पाठवला असेल तर?

"काका, पाळीच्या आधी कोणी तिथं जाऊन येईल का? डब्यावर मॉडेलचं नाव असतं. तेवढं वाचलं की झालं."

"त्याची काही गरज नाही," मंदार म्हणाला.

"कायले नाही? मीच जातो. पाळीच्या आधी मले तसंही पाहाच लागते. तिथं फोन हाये, तिथूनच सांगतो."

"खेमसिंगभाऊ, थांबा. मी... मी साहेबांना विचारतो."

"साहेबाले काय विचारता? नाव तं वाचाचं हाये."

ते गेले. मंदारनं फोन उचलला, नंबर न लावताच खाली ठेवला. उर्वशीनं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. इंटेल. पुन्हा चालवली. इंटेल.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"गरम होतंय," तो म्हणाला. डोक्यावर एसी घरघरत होता.

बऱ्याच वेळानं खाणीचा फोन वाजला. उर्वशीनं झडप घातली. खेमसिंगांचा आवाज यायच्या आधी मागचा कर्कश टी-टी ऐकू आला.

"बेटा, माझा मीटर बोंबलून राह्यला! गॅस हाये इथं, लई हाये. मी मागं फिरून राह्यलो. पाळी थांबव, कोणालेच उतरू नको देऊ!"

तिनं खिडकीतून ओरडून माणसांना थांबवलं. वळून भिंतीकडे पाहिलं. आकडा तसाच, हिरवा. म्हणजे डबाच बिघडलेला!

"काका, तुम्ही निघा लवकर! फक्त... डब्यावरचं नाव दिसलं का?"

"कोणता डबा, बेटा? इथं तं नुसते खिळे ठोकून हायेत."