तक्त्यातला सुटलेला रकाना

“प्रोसेसर तुम्ही बदललात,” वासंतीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो कधीच चढत नसे.

कासिमने काउंटरवर ठेवलेले कागद उचलले. ग्राहक मंचाला लिहिलेली तीन पानी तक्रार होती. खाली २ फेब्रुवारी २००९ अशी तारीख, आणि सोबत पट्टीने आखलेला एक तक्ता. वासंतीबाईंच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं हे दुरुस्तीचं दुकान होतं. निम्मी गिऱ्हाइकं वरच्या तीन मजल्यांवरचीच. असा कागद जिन्यातून एकदा फिरला की दुकानाला कुलूपच लावायचं, हे त्यालाही कळत होतं.

“मंदी आहे, काकू,” तो म्हणाला. “मी प्रोसेसर चोरला, तरी घेणार कोण?”

“ते मंचाला सांगा.”

वासंतीबाईंनी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं उसाच्या रसातली साखर मोजली होती. संशय आला की त्या बोलत नसत, नोंदी ठेवत. एकतीस डिसेंबरला कासिमने त्यांचा लॅपटॉप उघडून पंखा साफ केला. तीन जानेवारीला बिघाड सुरू झाला. रात्री त्या झाकण मिटून लॅपटॉप झोपवत आणि वायर काढून ठेवत. सकाळी वायर लावून झाकण उघडलं की तो जागा होई, पण चाले मुंगीच्या पावलाने. अकरावीच्या रसायनशास्त्राची प्रयोगवही त्या लिहीत होत्या. एक समीकरण टंकलं की पडद्यावर उमटेपर्यंत चहा निवे. दोनअडीच तासांनी वेग आपोआप परत येई.

तक्त्यात सगळं होतं. किती तास झोपवला, खोलीचं तापमान, उठल्यावर प्रोसेसरचा वेग, तो पूर्ववत व्हायला लागलेली मिनिटं. तीस दिवसांत एकदाही फरक नाही. इतका शिस्तीचा बिघाड आपोआप होत नाही, तो कोणीतरी केलेला असतो, असं त्यांचं मत झालं होतं.

मुलीने मात्र तीनदा अडवलं होतं. “कासिमभाई तसा माणूस नाही, आई. सोड ना तो विषय.” उत्कर्षा हिंजवडीच्या एका कंपनीत होती, संगणकातलं तिला कळत होतं. तरी एकदाही तिने लॅपटॉप हातात घेऊन पाहिला नाही. ही त्याची बाजू का घेते, याचाही वासंतीबाईंना संशय येऊ लागला होता. एरवी हल्ली तिचं सगळं छान चाललं होतं. पूर्वी रात्री नऊला यायची आणि जेवता जेवता पुन्हा लॅपटॉप उघडायची. आता साडेसहाला घरी. लॅपटॉप बॅगेतून बाहेरसुद्धा निघत नसे. “ऑफिसचं काम घरी आणायचं नाही, असं ठरवलंय,” ती म्हणाली होती. वासंतीबाईंना बरं वाटलं होतं.

“चार्जर आणलाय?” कासिमने विचारलं.

त्यांनी पिशवीतून काढून दिला. त्याने तो उलटा करून भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं.

“प्रोसेसर तुमचाच आहे. चार्जर तुमचा नाही. हा पासष्ट वॅटचा, तुमच्या लॅपटॉपला नव्वद लागतात. रात्रभर उपाशी झोपतो, सकाळी अर्धपोटी उठतो. मग बॅटरी भरेपर्यंत तो वेग आवरून धरतो.”

“म्हणजे चार्जरही तुम्हीच बदललात.”

“तुम्ही तेव्हा चार्जर आणलाच नव्हता. पावती असेल ना जपून?”

पावती अर्थातच होती. तिच्यावर ‘फक्त लॅपटॉप’ असं लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात.

कासिमने भिंग त्यांच्या हातात दिलं. चार्जरच्या मागे एक चिकटपट्टी होती, तिच्यावर उत्कर्षाच्या कंपनीचं नाव आणि एक क्रमांक. वासंतीबाईंचा लॅपटॉप उत्कर्षानेच निवडला होता, ऑफिसातल्याच बनावटीचा, फक्त मोठा. दोन्ही चार्जर जेवणाच्या एकाच टेबलावर पडलेले असायचे. काळे, सारख्याच आकाराचे.

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. आठ रकाने होते. चार्जरला रकाना नव्हता. जे बदललेलं नाही असं धरून चाललो, ते आपण लिहिलंच नाही.

त्यांनी तक्रारीचे चार तुकडे केले आणि ते काउंटरवर न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवले.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

“असू द्या,” कासिम म्हणाला. “तक्ता मात्र सुरेख आखलाय.”

साडेसहाला उत्कर्षा आली. वासंतीबाईंनी चार्जर तिच्यासमोर टेबलावर ठेवला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

“तुझ्या धांदलीपायी मी त्या भल्या माणसाला चोर ठरवून आले. महिनाभर तुझा चार्जर माझ्याकडे आणि माझा तुझ्याकडे. कुठाय? दे इकडे.”

त्यांनी स्वतःच तिची बॅग उचलली. एकतीस वर्षं वजनं केलेला हात. चेन उघडायच्या आधीच तो थबकला. आत डबा, पाण्याची बाटली, फार तर स्वेटर.

“ऑफिसात राहिलं वाटतं सगळं,” त्या म्हणाल्या. “मग उद्या आण.”

उत्कर्षा वाकून चपला काढत होती. एक निघाली. दुसरीच्या पट्ट्यावर तिचा हात तसाच राहिला.

“नाही आणता येणार, आई. दोन जानेवारीला कंपनीने लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून घेतलं. तुझा चार्जर लॅपटॉपबरोबर गेला.”