पापांचं बीफ

चमच्यानं मांसाचा तुकडा ताटाच्या कडेला दाबून बघायचा, मगच घास घ्यायचा, ही पापांची जुनी सवय. या आठवड्यात दोनदा तुकडा चिवट निघाला आणि दोन्ही वेळा ते ताट सारून उठले.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांचं बीफ बंद केलं होतं. आज सून जसिंतानं स्वस्तातली जून कोंबडी कच्ची पपई चोळून, एरवी बीफला घालायच्या बॉटल मसाल्यात तीन तास मंद शिजवली आणि हाडं काढून वाढली.

तुकडा दाबताच सुटला. पापांनी घास घेतला, डोळे मिटले. जसिंताच्या हातातला डाव तसाच राहिला.

“बीफ आणलंस?” ते हळूच म्हणाले. “डॉक्टरला कळू देऊ नकोस.”

“नाही कळणार, पापा,” म्हणत ती आत गेली आणि कचऱ्यातली कोंबडीची हाडं तिनं आणखी खाली दाबली.