मांडीवर दोनदा

सोनियाचा होकार बाबांनी परस्पर कळवून टाकला होता. आता फक्त पोहे व्हायचे होते. बघायला आलेल्या मुलाच्या मामांनी बशी रिकामी करून फर्मावलं, "पोरगी गुलमंडीच्या क्लासला बचावाचे डाव शिकती म्हणं. दाखव की बाई!" तिनं मुलाचं मनगट धरलं. "दुखलं की मांडीवर दोनदा थोपटा, लगेच सोडते," असं सांगून पिरगाळलं. मुलगा कळवळून अर्धवट उठला. मोकळा हात वर गेला, पण थोपटण्याआधी त्यानं शेजारी बसलेल्या आपल्या आईकडं पाहिलं. आईनं मानेनंच नाही म्हटलं. हात निमूट खिशात गेला. "लई सोशिक हाय आमचा!" मामा खूश झाले. सोनियानं आपणहून मनगट सोडलं. "बाबा, माझा नकार कळवा. स्वतःचं दुखलं तरी हे आईंना विचारतात." बाबांना ठसका लागला. आई आणि मामांच्या मधे बसलेल्या मुलानं तिच्याकडं बघत मांडीवर हळूच दोनदा थोपटलं.