दुसरा विधी अधिकारी

मी सैन्यात वकील आहे. जवानांच्या अर्जांवर कायदेशीर मत लिहायचं आणि फाइल वर पाठवायची, हे माझं रोजचं काम. छावणीत विधी अधिकारी मी एकटीच, त्यामुळे डबाही फायलींच्या सोबतीनेच खाते.

बाबांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली आहे. त्यांच्या गावी बदली मागितली, त्याला आठ महिने झाले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोनवरून पेपर वाचून दाखवते. शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न येतो.

"आली का गं ऑर्डर?"

"निघालीय म्हणे, बाबा."

"गोगलगायीच्या पाठीवर दिलीय वाटतं! लवकर ये बाई, तुझा चेहरा दिसतोय तोवर."

सोमवारी मतासाठी एक फाइल आली. उघडली, तर माझाच अर्ज.

"टाका सही, मॅडम. कोण बघतंय?" हेडक्लार्क म्हणाले.

पण स्वतःच्या प्रकरणात मत देता येत नाही. याच नियमावर बोट ठेवून मी दोन साहेबांचे निर्णय रद्द करायला लावले होते. मी लिहिलं, 'दुसऱ्या विधी अधिकाऱ्याचे मत घ्यावे.'

शुक्रवारी फाइल परत आली. माझ्या अक्षराखाली मुख्यालयाचा शेरा होता.


'छावणीत दुसरा विधी अधिकारी नाही. अर्जदाराची बदली झाल्यावर नवीन अधिकारी रुजू होईल. त्याचे मत येईपर्यंत बदली स्थगित ठेवावी.'